कोकणासाठी कॅम्परव्हॅन घेताय? आधी पाणंद मोजा, मग पलंग

दाभोळच्या जेट्टीवर आम्ही धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी रांगेत होतो. पौर्णिमा, संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे पाणी पार तळाला गेलेलं. गाडी भाड्याची, चांगली लांबलचक. आत ओटा, बेसिन, मखमली पडदे. बोटीवरचा खलाशी गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला, खाली डोकावला आणि म्हणाला, "ताई, मागनं घासणार ही. वाईच थांबा, पाणी चढू दे." दोन तास थांबलो. तेवढ्या वेळात रिक्षा, ईको, चिऱ्यांचा टेम्पो सगळे पलीकडे पोचले.

गाडी ताब्यात घेताना मी गादी दाबून पाहिली होती, नळ सोडून पाहिला होता. मागच्या चाकाच्याही मागे गाडी किती लोंबते, हे पाहायचं मला सुचलंच नव्हतं. पुढे स्वतःची गाडी घेईपर्यंत दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत बऱ्याच गाड्यांच्या मागे मीही उकिडवी बसले. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

एक खुलासा आधीच. पॅनल व्हॅन म्हणजे बंद पत्र्याची मालवाहू गाडी, जिला मागच्या बाजूला खिडक्या नसतात. तिच्या पोटात पलंग, ओटा, कपाटं बसवली की कॅम्परव्हॅन होते. व्हिडिओत दिसतात त्या बहुतेक गाड्या युरोपातल्या: फियाट डुकाटो, मर्सिडीज स्प्रिंटर, फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर. डुकाटोची रुंदी २.०५ मीटर, म्हणून तिच्यात लोक आडवा पलंग टाकतात. तिकडचा शत्रू थंडी, म्हणून हीटर आणि जाड अस्तर. आपला शत्रू दमट हवा आणि खारा वारा. त्यांचा नकाशा जसाच्या तसा उचललात तर पहिल्याच आषाढात कपाटांना बुरशी धरेल. आणि हो, इंटरनेटवर नुसतं 'कॅम्पर' शोधलंत तर बोलेरो कॅम्पर नावाचा डबल केबिनचा पिकअप समोर येतो. त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.

पायरी १: मागच्या तीन सहली कागदावर लिहा

पुढच्या स्वप्नातल्या सहली नकोत, झालेल्या तीन लिहा. किती माणसं होती, किती रात्री, रात्री गाडी कुठे उभी होती, जेवण कुठे झालं. आमच्या यादीत पहिलीच गोष्ट उघड झाली: तीन सहलींत मिळून आम्ही चहा सोडून दोनदाच स्वयंपाक केला होता. कोकणात घरगुती खानावळ पाच-सात किलोमीटरवर सापडतेच. सोलकढी आणि तळलेली सुरमई पानात वाढून मिळत असताना गाडीत बेसिन आणि दोन शेगड्यांचा ओटा कशाला? त्या जागेत एक माणूस झोपतो.

दुसरी गोष्ट सासूबाईंमुळे कळली. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना गाडीचा पलंग किती मऊ आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं; पायरी किती उंच आणि रात्री दोनला जायचं कुठे, एवढेच दोन प्रश्न होते. तुमच्याबरोबर म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर निवड तिथूनच सुरू होते.

पायरी २: सगळ्यात अरुंद रस्ता मोजा

मुंबई–गोवा महामार्गावर कुठलीही गाडी चालते, खड्ड्यांचं काय ते सोडा. प्रश्न शेवटच्या एका किलोमीटरचा असतो. वाडीत उतरणारी पाणंद, दोन्हीकडे चिऱ्यांचा गडगा, वर फणसाची आडवी फांदी आणि सैल लोंबणारी विजेची तार. दोन मीटर रुंदीच्या गाडीला आरसे धरून साधारण अडीच मीटर लागतात. पाणंद आठ फुटी असेल तर आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. हिशेब तिथेच संपला. वेळणेश्वराकडच्या एका वाडीत आम्ही भाड्याची गाडी अशीच आत घातली आणि बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, पोचल्यावर कळलं की वळायला जागाच नाही. नवरा मागे चालत "ये, ये, डावीकडे काट" ओरडतोय, मी रिव्हर्समध्ये, आणि गडग्यावर बसून गावातली पोरं फुकट तमाशा बघतायत. दोनेकशे मीटरला पाऊण तास लागला.

म्हणून नेहमी ज्या घरी, ज्या देवळापाशी, ज्या आगरात मुक्काम करता तिथली अरुंद जागा टेपने मोजून आणा. रुंदी, फांदीची उंची आणि वळायची जागा हे तीन आकडे खिशात ठेवूनच गाड्या पाहायला जा.

आता गाड्या. मारुती ईको ३,६७५ मिमी लांब आणि १,४७५ मिमी रुंद, म्हणजे रिक्षा जाते तिथे जवळजवळ सगळीकडे ही जाते. दोन माणसांना झोपायला पुरते, उभं राहता येत नाही. बारा महिने भटकणाऱ्या जोडप्याला माझं पहिलं मत हिलाच. टाटा विंगर पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे तिचा फ्लोअर खाली आहे आणि चढायला सोपी. सासूबाईंनी तीच पसंत केली होती. पण मागे पाणी, बॅटऱ्या, सामान असा भार पडला आणि समोर शेवाळलेला चढ आला की पुढची चाकं जागेवर फिरतात. फोर्स ट्रॅव्हलरला मागच्या चाकांची ओढ आहे, आत ऐसपैस आहे आणि नाक्यानाक्यावरच्या मिस्त्रीला ती तोंडपाठ आहे. पावसात कुठे बंद पडली तर या शेवटच्या गुणाची किंमत कळते. ती ३,०५०, ३,३५० आणि ४,०२० मिमी अशा व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरांत, येते. कोकणासाठी पहिल्या दोन, तिसरी नको. फोर्स उर्बानिया चालवायला सुखाची, पण रुंद आणि महाग, आणि तिची सगळ्यात लांब आवृत्ती जवळपास ७ मीटरची आहे.

मागचं लोंबणं मात्र प्रत्येक गाडीचं स्वतः पाहा. मागच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत एक काठी तिरकी धरा. कोन जितका बसका, तितकी ती फेरीच्या फळीवर आणि घाटातल्या आडवळणी खोलगटात घासणार. खाली टाकी किंवा पायरी बसवली असेल तर तीही त्या कोनात धरा. रेवस ते रेडी सागरी मार्गाने जाणार असाल तर दाभोळसारख्या फेऱ्या लागणारच. तिथे उपयोगी पडणारा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. आमच्या आजोबांना हे येत होतं. मला जेट्टीवर दोन तास उभं राहिल्यावर आठवलं.

पायरी ३: कागद आधी, सुतार नंतर

इथे घाई करणारे फसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मालवाहू म्हणून पासिंग झालेल्या गाडीत पलंग ठोकून घरच्यांना मागे बसवलंत तर ती कायद्याने कॅम्पर होत नाही, ती माणसं भरलेली मालगाडी राहते. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

सरळ मार्ग दोन. परिवहन खात्याच्या नोंदणीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वेगळा वर्ग आहे. मंजुरी घेऊन गाड्या बांधणाऱ्याकडून तयार गाडी घ्या आणि आरसीवर तो वर्ग छापलेला पाहूनच उरलेले पैसे द्या. "पासिंगचं आम्ही बघतो" या तोंडी वाक्यावर एक रुपया देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकांनी दिला आणि गाडी आठ महिने अंगणात उभी राहिली. दुसरा मार्ग, प्रवासी गाडी आहे तशी ठेवून आत काढता-घालता येणारा पेटीसारखा पलंग आणि ओटा ठेवायचा. मूळ सीट न काढता, पत्रा न कापता, वायरिंग न तोडता. तरीही आपल्या आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते मुख्यतः व्यवसाय करणाऱ्यांसाठी. गाडी भाड्याने द्यायचा विचार असेल तर तेही वाचा, कारण मग तुमची गाडी वेगळ्या वर्गात जाते.

पायरी ४: झोपून पाहा

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि लोक लाजून ती गाळतात. चपला काढा, आडवे व्हा, कुशीवर वळा, उठून बसा. डोकं वर आपटतं का? आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं का? आपल्याकडच्या गाड्यांच्या आतली रुंदी अस्तर लावल्यावर सहा फूट उरत नाही, तेव्हा उंच माणसाला आडवा पलंग विसरा. नवरा पाच फूट अकरा इंच आहे. त्याच्यासाठी उभाच पलंग लागला आणि गाडीची निम्मी आखणी तिथेच ठरली. बसायच्या बाकाचा रोज पलंग करायचा प्रकार चित्रात छान दिसतो. तिसऱ्या रात्री कोणी करत नाही.

पायरी ५: पाणी वरून येतं, आतूनही येतं

कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून छतावरचं प्रत्येक भोक संशयाने पाहा. छतावरचा झाकणाचा झरोका सुंदर असतो, पण तिरक्या पावसात तो बंद ठेवावा लागतो आणि मग आत उकडतं. मला पावसाळ्यात उपयोगी पडल्या त्या समोरासमोरच्या दोन बाजूच्या खिडक्या, वर छोटा छज्जा आणि बारीक जाळी. जाळी डासांची घ्या. माश्यांच्या जाळीतून कोकणातला डास हसत आत येतो.

आता आतलं पाणी. बंद गाडीत दोन माणसं झोपली की रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. परदेशात पत्रा बाहेरून गार आणि आत ऊब, म्हणून घाम पत्र्याच्या आतल्या बाजूला धरतो. आपल्याकडे गाडीत एसी लावला की उलटं होतं: आतलं अस्तर गार पडतं आणि बाहेरून झिरपलेली दमट हवा त्याच्यामागे पाणी सोडते. ते दिसत नाही, काही महिन्यांनी वास येतो. मी पाहिलेल्या एका गाडीला बांधणाऱ्याने ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, भरली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पॅनेल उघडलं तर ओल्या गोधडीसारखा तिचा गोळा दारात खाली बसलेला आणि त्याने दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजलेली. खालची कड तर बोटाने सुटत होती.

तेव्हा अस्तर बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या फोमचं असावं, नायट्रिल रबर किंवा एक्सएलपीई, पत्र्याला पूर्ण चिकटवलेलं. सगळ्यात जाड छताला, कारण ऊन तिथून उतरतं. दाराच्या तळाची भोकं मोकळी. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन, कापलेल्या कडा पॉलिशने बंद केलेल्या. एमडीएफ आणि भुशाचे बोर्ड दिसले तर तिथूनच नमस्कार करा. गादीखाली सलग फळी नको, पट्ट्या हव्यात. कपाटाच्या मागे दोन बोटं हवा खेळायला जागा हवी. बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टीलचे मिळाले तर उत्तम, निदान ३०४. बांधणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: भोक पाडल्यावर कडेला काय लावता? "झिंक प्रायमर" असं न अडखळता आलं तर माणूस कामाचा आहे.

पायरी ६: विजेचा हिशेब

हा हिशेब स्वतः करा, विकणाऱ्याला करू देऊ नका. आमची एक रात्र अशी:

१२ व्होल्टचा पंखा ३० वॅट, १० तास: ३०० वॅट-तास. दिवे २० वॅट, ४ तास: ८०. फोन आणि कॅमेरा: ७० धरा. छोटा कंप्रेसर फ्रिज दिवसभरात ४५०च्या आसपास. एकूण ९००.

१२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात; ८० टक्के वापरली तर हजारच्या वर मिळतात. म्हणजे एक बॅटरी पुरते. लेड-अ‍ॅसिडची निम्मीच वापरायची असते, तेव्हा तेवढ्याच कामाला दीडपटीहून जास्त क्षमता आणि कितीतरी पट वजन. आता एसी. एक टनाचा एसी साधारण ८०० ते १,००० वॅट ओढतो. त्याच बॅटरीवर तो तासभर चालेल, मग तुम्ही अंधारात. बॅटरीवर रात्रभर एसी असं कोणी म्हणालं तर किती बॅटऱ्या, त्यांचं वजन किती, हे विचारा. घरमालकाच्या १५ अँपिअरच्या प्लगवर एसी चालतो, पण वाडीत संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि पावसात लाईट जाते. मी पंख्यावर भागवते. मे महिन्यात किनाऱ्यावर झोपतच नाही, वर आंबा घाटाकडे जाते.

सोलर २०० वॅटचं पॅनेल हिवाळ्यात दिवसाला ६०० वॅट-तासांच्या आसपास देतं. ढग बसले की ते जवळपास शोभेचं. त्यापेक्षा इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आधी घ्या, सोलर नंतर. पॅनेलच्या लोभाने उन्हात गाडी लावावी तर आत भट्टी, सावलीत लावावी तर वीज नाही. माडाच्या सावलीत तर मुळीच नको. नारळ पॅनेल बघून पडत नाही.

पायरी ७: पाणी, गॅस, संडास

पाण्याची पक्की टाकी आतून घासता येत नाही. वीस लिटरचे दोन-तीन कॅन बरे. विहीर घराघराशी आहे, विचारून भरा. गॅस घ्यायचाच तर ५ किलोचा छोटा सिलिंडर, बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला की खाली साचतो, म्हणून कप्प्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक हवंच. खिडकी उघडी आहे म्हणून चालेल, असं होत नाही.

संडास आम्ही हलवता येणारा ठेवला, सासूबाईंसाठी. त्याची टाकी फक्त खऱ्या संडासात ओतायची. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, कुठे तरी ओतलेलं वाडीच्या विहिरीत उतरतं. कोकणात कॅम्परवाल्यांना लोक अंगणात जागा देतात ते याच भरवशावर.

पायरी ८: काट्यावर न्या

आरसीवर रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन दोन्ही असतात. १८ मिमी मरीन प्लायची आठ बाय चारची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते. दहा शीट म्हणजे साडेतीनशे किलो, गाडीत अजून एकही माणूस बसलेलं नाही. १२ मिमीमध्ये तेच काम २३० किलोंत होतं. तयार गाडी घेताना वजनकाट्यावर न्या, दोनदा: एकदा पूर्ण, एकदा फक्त मागची चाकं. मग चार माणसं, पाणी आणि सामान मिळवा. आकडा कमाल वजनाला टेकत असेल तर कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापून वास येईल, तेव्हा आठवण होईल.

पायरी ९: जुनी घेत असाल तर

घाटावरची गाडी घ्या. सातारा-कराडकडची दहा वर्षांची गाडी किनाऱ्यावरच्या चार वर्षांच्या गाडीपेक्षा पत्र्याने चांगली निघू शकते. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मॅट उचला, चाकांच्या कमानी आतून चाचपा, दारांच्या खालच्या कडा दाबा. आणि सरळ विचारा, या गाडीतून काय वाहिलं? मासळीची गाडी असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको. बर्फाचं खारं पाणी फ्लोअरच्या सांध्यांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. वास एक वेळ जातो. गंज जात नाही.

पायरी १०: दोन रात्री भाड्याने

डिसेंबरात नको, तेव्हा सगळ्याच गाड्या छान असतात. जुलैत घ्या, मनात आहे त्याच आकाराची. एक रात्र नातेवाइकांच्या अंगणात, त्यांच्या प्लगवर. दुसरी सड्यावर, प्लगशिवाय. पण वीज कडाडत असेल तर तो मोकळा कातळ सोडा आणि वाडीत या. वाळूवर गाडी उतरवू नका: बंदी आहे, गुन्हा दाखल होतो, आणि उधाणाच्या दिवशी पाणी तुमच्या ट्रॅक्टरची वाट बघत थांबत नाही. सकाळी उठल्यावर गादीखाली हात घाला आणि कपाटाच्या मागची भिंत चाचपा. ओल लागली तर ती गाडी बांधणाऱ्याचं नाव यादीतून काढा.

आम्ही शेवटी ३,३५० व्हीलबेसची ट्रॅव्हलर घेतली. बेसिन नाही, एसी नाही, उभा पलंग, दारात लाकडी पाट ठेवून केलेली जादा पायरी. मागच्या पौर्णिमेला साडेपाच वाजता मुद्दाम दाभोळला गेलो. खलाशी तोच होता. वाकून पाहिलं, हात हलवला आणि म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या."